गोसाव्याची दुपार

१

सत्यभामेचा दिवस गांडुळांपासून सुरू होई. उजाडलं की खुरपं आणि डबा घेऊन ती शेणखताच्या खड्ड्यावर जायची, ओल धरलेला थर उकरायची आणि गांडुळं वेचायची. मग कोबीच्या पानांखालच्या गोगलगायी. बाकीच्या माळणी त्या वेळी वांगी तोडत, झेंडू खुडत. ही बाई मात्र जे फेकून द्यायचं तेच जिवापाड जपून डब्यात भरी. "सत्यभामा, आज कालवण कायचं वो?" असं शेजारची माणिकबाई रोज विचारी आणि स्वतःच हसे. सत्यभामाही हसे. विनोद शिळा होता, पण सकाळी सकाळी कुणीतरी आपल्याशी बोललं, एवढं तरी त्यात होतं.

अमरावतीहून चांदूर बाजाराकडे जाणाऱ्या सडकेवर भगवंतरावांचा हा बगीचा. कापसाच्या जिनात कमावलं आणि पाखरांत घातलं, असं त्यांच्याबद्दल लोक म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. मोर होते, काकाकुवे होते; पण मालकांचा जीव होता तो एका राखी रंगाच्या जोडीत. दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटावरून ही जोडी आगबोटीनं मुंबईला आली, तिथून रेल्वेनं बडनेऱ्याला. कोंबडीएवढी पाखरं, लाल पाय, लाल डोळे, डोक्यावरून पाठीवर रुळणारा लांब तुरा. पंख होते, पण उडणं नव्हतं. त्यांच्या बेटावर माणसांच्या मागून कुत्री गेली, उंदीर गेले, आणि जमिनीवरच चालणाऱ्या या जातीचा फडशा पडला. आता जगात थोडीच उरलीत, असं मालक सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज खाली येई.

सत्यभामेचा नवरा सहदेव हा त्यांचा पहिला राखणदार. राख फासलेलं अंग आणि जटा पाहून त्यानंच त्यांना नावं दिली, गोसावी आणि गोसावीण. गेल्या सालच्या श्रावणात सहदेव हिवतापानं गेला. मालकांनी दुसरे गडी लावून पाहिले, पण पाखरांनी त्यांच्या हातचं खाल्लं नाही. मग सत्यभामेला बोलावणं आलं. नाहीतरी सहदेवच्या वेळीही गांडुळं तीच वेचत होती.

"हे पाय बाई," मालक तिला म्हणाले होते, "या साली पिल्लू झालं तर ठीक. नाही तर ही जोडी मी कलकत्त्याच्या एका शौकीन साहेबाले देऊन टाकतो. इथी ठेवून त्यांचा वंश बुडवायचं पाप मले नाही पायजे."

सहदेवच्या हातची तेवढीच एक गोष्ट तिच्याकडे उरली होती. ती कलकत्त्याला जाऊ द्यायची नाही, असं तिनं मनाशी धरलं.

२

भाद्रपदात पितृपक्ष आला. वर्षश्राद्ध होऊन गेलेलं, तेव्हा पितरांत सहदेवचं हे पहिलंच पान. विधी दीर करणार होता, तिकडे शेंदूरजनाघाटला. पण बायकोच्या हातचा घास नको का? सत्यभामेनं आपल्या खोपटात खीर, वडे, कढी, भात सगळं रांधलं.

खोपटाच्या छपरावर वानरांचा राबता. म्हणून पान ठेवलं तिनं पाखरांच्या आवाराच्या भिंतीवर. त्या आवाराला सगळे जाळीच म्हणत. कमरेएवढी भिंत, वर तारेची जाळी, आत पानांचा पाचोळा. भिंतीच्या कडेवर कावळे कायम टपलेले असायचे, गोगलगाय चोरायला. आज मात्र एकाचा पत्ता नाही. सत्यभामा हात जोडून उभी राहिली. "पाखरांची काळजी करू नोका. मी हाय ना." तरी कावळा येईना. ऊन चढलं. ती घोटभर पाणी प्यायला विहिरीकडे गेली आणि परत येते तो पान भिंतीवर नव्हतं. जाळीला खाली एक भोक होतं, वाऱ्यानं पान तिथून आत घसरलेलं. आणि गोसावी जेवत होता.

ज्या पाखरानं आजवर भाताचं शीत चोचीत धरलं नव्हतं, ते खीर खात होतं. शांतपणे, एका बाजूनं, मध्ये मध्ये थांबून. गोसावीण लांब कोपऱ्यात उभी होती, आणि तिचा तुरा ताठ उभा राहिला होता.

माणिकबाईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "पाखरानं खाल्लं ना? झालं मंग. पाखरू ते पाखरू." फाटकावरचा म्हातारा पुंजाराम मात्र बिडी हातात तशीच धरून राहिला.

"कावळा घास घेते न उडून जाते," तो म्हणाला. "ज्याले जायचं तो त्याच्या संग जाते. हे तुयं पाखरू कुठी जाईन वो?"

"तुमचं काईबी असते बाप्पा," सत्यभामा म्हणाली, आणि हसून तिनं विषय झटकला. पुंजाराम हसला नाही. त्याला तसंही हसायची सवय नव्हती.

३

त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, ती चुलीपुढं भाकर थापत होती. बाहेर दगडावर पाय घासल्याचा आवाज आला. खर्र, खर्र. मातीचा पाय उंबऱ्याच्या दगडावर घासून, मग थोडं थांबून, पुन्हा एकदा दुसरा. सत्यभामेनं न पाहताच म्हटलं, "या, झालीच भाकर."

म्हटलं, आणि तिचा हात परातीतच राहिला.

सहदेवची सवय होती ती. वाफ्यातून आला की पाय घासल्याशिवाय आत यायचा नाही. सारवलेली जमीन तिची, कष्ट तिचे, म्हणून. ती बाहेर आली. अंगणात कुणी नव्हतं. समोर जाळीच्या दाराशी, आतल्या बाजूला, फरशीचा एक तुकडा होता आणि त्यावर गोसावी उभा होता, लाल पाय घासत. तिला पाहून तो थांबला.

कोंबड्या नाही का उकरत? उकरतात. किडे शोधतात, पाय मोकळे करतात. पण कोंबडी मातीत उकरते. दगडावर कुठली आलीत गांडुळं? सत्यभामा परत चुलीशी आली. भाकर करपली होती. ती तिनं तशीच खाल्ली, आणि आपण एकट्या राहतो म्हणून कान असे वाजतात, अशी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ती आवाजाची वाट पाहत बसली होती.

आवाज आला.

४

मग ताटलीची गोष्ट. जर्मन धातूच्या ताटलीत ती दोघांना खाणं ठेवी. गोसावीण आपलं खाऊन बाजूला होई. गोसावी शेवटची एक गोगलगाय ठेवायचा. ठेवायचा, आणि चोचीनं ताटली सत्यभामेकडे सरकवायचा.

पोट भरलं असेल त्याचं, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण ताटली सरकवतं का कुठलं पाखरू? सहदेव सरकवायचा. वाढताना ही आपल्यासाठी काही ठेवत नाही, हे त्यानं लग्नाच्या पहिल्याच साली ओळखलं होतं. चतकोर भाकर ताटात राखायचा, "पोट भरलं माह्यं" म्हणायचा आणि ताट तिच्यापुढं ढकलायचा. पोट कुठलं भरतंय, दिवसभर पाणी ओढणाऱ्या माणसाचं! तिलाही ते ठाऊक होतं आणि त्यालाही. यावर दोघं कधी बोलली नाहीत.

त्या दिवशी जाळीत पाचोळ्यावर बसून सत्यभामा पोटभर रडली. गोसावी तिच्या गुडघ्याला टेकून उभा राहिला. पाखराचं अंग एवढंसं असतं, पण टेकला तो भारानं.

"तुमी हा का?" तिनं हळूच विचारलं. आणि लगेच जीभ चावली. पाखराला अहोजाहो! कुणी ऐकलं तर वेड्यात काढतील.

जाळीची कडी विनाकारण काढायची नाही, असा मालकांचा सक्त हुकूम होता. मुंगसं होती, मांजरं होती. ती कडी सत्यभामेनं स्वतःच्या हातानं काढली. दुपार झाली की गोसावी चालत चालत खोपटात यायचा, उंबऱ्यावर पाय घासायचा आणि सहदेवची वाकळ जिथं अंथरलेली असे त्या कोपऱ्यात बसायचा. ती बोलत राही. वांग्याला भाव नाही, माणिकबाईच्या सुनेला दिवस गेलेत, छपराला यंदा तुराट्या लागतील. तो मान कलती करून ऐके. इतक्या महिन्यांत तिचं कुणी इतकं ऐकून घेतलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ती सुखात होती. भीतीही होती, नव्हती असं नाही. पण भीतीला तिनं बाहेर बसवलं होतं, उंबऱ्यापलीकडे.

पलीकडे, जाळीत, गोसावीण ओरडत असे. आधी ही दोघं पहाटे जोडीनं ओरडायची, एकानं सुरू करायचं आणि दुसऱ्यानं उचलायचं. आता एकटीच ओरडायची, आणि तेही भर दुपारी.

५

दिवाळी झाली आणि गोसाविणीनं अंडं घातलं. एकच. मालक स्वतः मोटारीतून आले, जाळीपाशी चपला काढून उभे राहिले.

"यांचं एकच असते बाई," ते कुजबुजले. "अन् दोघं मिळून उबवतात. दुपारी अदलाबदल. ती उठली का तो बसते. तेवढं ध्यान ठेव. थंड झालं का संपलं."

तिथंच सगळं अडलं. दुपार झाली की गोसावीण अंड्यावरून उठून बाजूला होई, वाट पाही. गोसावी उठे, आणि सरळ दाराकडे चालू लागे. सत्यभामेनं त्याला उचलून अंड्यावर ठेवलं. तो उठला. तिनं कडी घातली, खोपटात जाऊन दार लावून घेतलं. मग पाय घासण्याचा आवाज सुरू झाला. कडी घातलेल्या जाळीतून, फरशीवर, खर्र, खर्र, थांबून पुन्हा. संध्याकाळपर्यंत. घरचा धनी दारात आला आणि बायको दार उघडेना, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. सत्यभामा कानावर हात दाबून बसली आणि तेवढा वेळ अंड्यावर उपाशी गोसावीण पुन्हा एकटीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी गोसाविणीला भूक आवरेना. ती खायला उठली. सत्यभामेनं पाचोळ्यात हात घातला तर अंडं कोमट झालेलं. विचार करायला वेळ होता कुठं? तिनं ते उचललं, पदरात गुंडाळलं आणि खोपटात नेलं. मागून गोसावी आला, पाय घासून आत आला आणि वाकळीवर ठेवलेल्या अंड्यावर आपणहून, अलगद बसला.

६

दुपारपुरतं आणायचं, संध्याकाळी परत ठेवायचं, असं ठरलं. कुणाशी ठरलं म्हणाल, तर तिचं तिच्याशीच.

लग्नाला इतकी सालं झाली, सत्यभामेची कूस उजवली नव्हती. सासरच्यांनी सहदेवला दुसरी करायला सांगितलं. मुलगीही पाहिली, चांदूर बाजारची. सहदेवनं एकच सांगितलं, "मले दुसरी नाई पायजे," आणि खुरपं घेऊन वाफ्यात निघून गेला. त्या बोलण्यावर सत्यभामा पुढं जगली. आता त्या वाकळीवर तो बसलेला, मध्ये ते राखाडी ठिपक्यांचं अंडं, आणि कडेला ती आडवी झालेली. पाखराचं का होईना, पण घरात एक लेकरू येणार होतं.

एका दुपारी तिचा डोळा लागला. झोपेत केसांवरून हात फिरला. बोटाच्या पेराला खुरप्याचा घट्टा असलेला, रापलेला हात. तिनं डोळे उघडले नाहीत. उघडले तर जाईल, म्हणून तशीच पडून राहिली. मग उघडले. गोसावी हातभर लांब, अंड्यावर, डोळे मिटून बसलेला तिला स्वच्छ दिसत होता. आणि केसांवरचा हात अजून तिथंच होता.

हात गेला नाही. त्याला घाई नव्हती. ती उठू लागली तेव्हा पदर मागून ओढला गेला, हलकेच, जरा थांब म्हणावं तसा.

त्याच वेळी दारावर टकटक झाली. पुंजाराम असेल, या भीतीनं तिनं पदर सोडवून घेतला आणि दार उघडलं. गोसावीण होती. कडी नीट बसली नसावी. एवढं अंगण ओलांडून ती आली होती, आणि ती किती वाळली होती हे सत्यभामेला आत्ता दिसलं. छातीचं हाड वर आलेलं, तुरा चिखलानं मळलेला. ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून नुसती आत पाहत राहिली, वाकळीकडे, त्याच्याकडे, अंड्याकडे.

ही नजर सत्यभामेनं आधी कधी पाहिली नव्हती, पण तिला ती माहीत होती. चांदूर बाजारची ती मुलगी घरात आली असती, तर सत्यभामा अशीच उंबऱ्याबाहेर उभी राहिली असती.

"अवो माय," ती खाली बसली. "मीच तुयी सवत झाली वो."

७

तिनं अंडं पदरात घेतलं. गोसावी उठला. एरवी तो तिच्या मागून येई, आता वाटेत आडवा उभा राहिला. खोपटात अंधार नव्हता, चांगली दुपार होती, पण त्या कोपऱ्यात पाखराच्या मागं जेवढी सावली असायला हवी त्याहून जास्त होती. सत्यभामा तिकडं न पाहता बोलली.

"आयकता का? हे आपलं नाई. आपल्याले नाई झालं, त्याचं मी रडून घेतलं, तुमीबी घेतलं असन. हे तिचं हाय. ती मरून राहिली तिकडे. लोकं म्हणत दुसरी करा, तवा तुमी आयकलं नाई. आता मी म्हणून राहिली. जा तिच्यापाशी. माह्या गळ्याची आन हाय तुमाले."

मग लाल पाय वळले, उंबरा ओलांडून गेले. जाताना घासले नाहीत.

जाळीत तिनं अंडं पाचोळ्यात ठेवलं, गोसाविणीपुढं डबा रिकामा केला, बाहेर येऊन कडी घातली. जायला हवं होतं, पण पाय निघेना. ऊन लागू नये म्हणून जाळीला आतल्या बाजूला तट्टा बांधलेला होता. त्याच्या फटीतून तिनं एकदाच पाहिलं.

अंड्यावर पाठमोरं कुणीतरी बसलं होतं. उघडी पाठ, तापानं वाळलेली, मणका न मणका मोजून घ्यावा अशी. खांदे पुढं ओणवलेले. एक हात आजूबाजूचा पाचोळा ओढून आत घेत होता, सावकाश, मुळाशी माती ओढावी तसा. आणि गोसावीण अगदी त्या हाताजवळ बसून गांडुळं खात होती, निवांत, तुरा खाली पाडून. मग त्या पाठमोऱ्या माणसाची मान वळू लागली.

सत्यभामेनं तोंड फिरवलं. त्याचं तोंड पाहिलं असतं तर तिनं कडी पुन्हा काढली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

८

त्यानंतर दुपारी आवाज झाला नाही. तिनं खोपटाचं दार उघडंच ठेवलं, पण कुणी आलं नाही. अदलाबदल नेमानं होऊ लागली. गोसावीण भरली. सत्यभामा रोज डबा आत सरकवी आणि मागं फिरे. माणिकबाईनं विचारलं, काहून वो वाळून राहिली, तर म्हणे, थंडी बाधली.

संत्र्यांच्या गाड्या सडकेवरून जाऊ लागल्या त्या सुमारास एका सकाळी पाचोळ्यात काहीतरी हललं. करड्या कापसाचा गोळा, चालणारा. मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सगळ्या बगीच्यात पेढे वाटले, सत्यभामेला लुगडं दिलं, आणि कलकत्त्याला नकार कळवून टाकला. "तुया हाताले यश हाय बाई," ते म्हणाले. पाखरं इथंच राहणार होती. सहदेव इथंच राहणार होता.

दुपारी माणसं पांगल्यावर ती डबा घेऊन आत गेली. एकदा जवळून पाहावं, एवढंच मनात होतं. पिल्लू चार पावलं तिच्याकडे आलं. सत्यभामा खाली बसली, तिनं हात पुढं केला.

गोसावी मध्ये आला. त्यानं पंख उघडले. इतक्या दिवसांत तिनं ते कधी उघडलेले पाहिले नव्हते. आतून ते राखी नव्हते; काळे-पांढरे, पट्ट्यापट्ट्यांचे. तुरा उभारून, अंग फुगवून, तो तिच्या हातावर धावून आला. मुंगसावर धावून जावं तसा. लाल डोळ्यांत ओळख नव्हती. बापाची भीती तेवढी होती.

"बरं केलं," सत्यभामा म्हणाली. "असंच पायजे." हाताला रक्त आलं होतं. तिनं ते पदराला पुसलं, डबा खाली ठेवला आणि मागं मागं सरत बाहेर आली.

कडी घालत असताना आतून आवाज आला. पिल्लू चिवचिवत होतं आणि त्याला कुणीतरी गप्प करत होतं. हं हं, हं हं, असं एका लयीत, खर्जातल्या आवाजात. पाखराच्या गळ्यातून असा आवाज निघत नाही. आणि सहदेवनं आयुष्यात कधी कुणाला निजवलंच नव्हतं, त्यामुळे त्याचा असा आवाज तिनंही कधी ऐकला नव्हता.

सत्यभामा तिथंच, कडीवर हात ठेवून उभी राहिली. आत पाहिलं नाही. लेकरू निजेपर्यंत थांबली, मग वाफ्याला पाणी सोडायला गेली.